गहाळ

"चोरी लिहू की गहाळ?"

हवालदारांनी विचारलं तेव्हा त्यांचं पेन आधीच कागदावर टेकलं होतं. गेल्या जुलैतला शुक्रवार, रात्रीचे साडेआठ झालेले. तासाभरापूर्वी मी डोंबिवली स्टेशनच्या पुलावरून पूर्वेला उतरत होते. पाऊस आला की तिथे जे होतं तेच चाललं होतं. पुढचे लोक छत्री उघडायला शेवटच्या पायरीवर थांबतात, मागचे त्यांच्या पाठीवर आदळतात आणि मधले अधांतरी तरंगत खाली येतात. माझ्या एका हातात छत्री, दुसऱ्या हातात भाजीची पिशवी, पर्स पोटाशी धरलेली. तीस वर्षांच्या लोकलप्रवासाने पर्स पोटाशी धरायची सवय इतकी मुरली आहे की लग्नाच्या हॉलमध्येही मी तशीच उभी असते. रिक्षाच्या रांगेत पोचल्यावर घरी फोन करावा म्हणून पुढच्या कप्प्यात हात घातला, तर चेन उघडी. आत पासाचं पाकीट होतं, अर्धी सुपारी होती, फोन नव्हता. माझ्या मागे उभ्या असलेल्या मुलीने न सांगता स्वतःच्या मोबाईलवरून माझा नंबर लावला. बंद. "गेला काकू," ती म्हणाली, अगदी डॉक्टर सांगतात तसं.

ठाणं कुठलं ते लिहीत नाही. तिथल्या माणसांबद्दल माझी तक्रार नाही, निदान त्या रात्री तरी नव्हती. ट्यूबलाइटखाली टेबल, टेबलावर काच, काचेखाली गणपती, दत्त आणि कुठल्या कुठल्या अधिकाऱ्यांच्या नंबरांची पिवळी पडलेली यादी. कोपऱ्यात कुणाच्या तरी ओल्या रेनकोटाखाली पाण्याचं तळं साचलेलं. आधी हद्दीचा प्रश्न निघाला. पायऱ्यांवर गेला असेल तर रेल्वे पोलीस, पायऱ्या उतरल्यावर गेला असेल तर हे. "कळलं कुठे?" "रिक्षाच्या रांगेत." "मग आमच्याकडे." चोराने हात कुठल्या पायरीवर घातला हे त्यालाच ठाऊक, पण मला जिथे कळलं ती जागा गुन्ह्याची जागा ठरली, आणि तेव्हा मला त्यात काही वावगंही वाटलं नाही.

"कोणी घेताना पाहिलंत?"

"नाही."

"मग चोरी कशावरून? पडलाही असेल."

"चेन उघडून पडेल का हो?"

ते हसले. चांगले हसले, खवचट नाही. मग मलाच समजावून सांगितलं: चोरी लिहिली तर जबाब होईल, पंचनामा होईल, साहेब राउंडला गेलेत ते येईपर्यंत थांबावं लागेल, उद्या परत बोलावतील, कदाचित परवाही. गहाळ लिहिलं तर दहा मिनिटांत दाखला मिळेल. त्यावर नवीन सिम मिळतं, फोनचा आयएमईआय नंबर टाकून सरकारच्या सीईआयआर पोर्टलवर फोन बंदही करता येतो. "तुम्हाला फोनशी मतलब ना मॅडम?" मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. घरी आई एकटी, भाजी पिशवीत गरम होत चाललेली, चपला ओल्या, आणि उद्या शनिवार असला तरी ऑफिस चालू. माझ्या पाठीमागे आणखी तिघं उभी होती.

"गहाळ लिहा," मी म्हटलं.

दाखल्यावर छापील वाक्य होतं. सदर मोबाईल प्रवासादरम्यान अर्जदाराकडून गहाळ झाला असून वगैरे. अर्जदाराकडून. मी खाली सही केली. रिक्षात बसल्यावर तो कागद भिजू नये म्हणून ब्लाउजमध्ये ठेवला, आणि घर येईपर्यंत तो शब्द मला टोचत राहिला. मराठीत वस्तू चोरीला जाते तेव्हा कुणीतरी नेणारा असतो, नाव माहीत नसलं तरी असतो. वस्तू गहाळ होते तेव्हा कुणीच नसतं. वस्तू असते, मग नसते, आणि मधल्या जागेत उभी मी. आमची आजी वेंधळ्या माणसालाही गहाळ म्हणायची. "गहाळ पोर आहे, हिच्या हातात दुधाचं भांडं देऊ नका." पन्नाशीला आलेल्या त्या पोरीने आता शिक्क्यासह लिहून दिलं होतं की होय, मी तशीच आहे.

आईला सांगितलं तर तिने एकच विचारलं, "नेलान ना मेल्यानं?" मी म्हटलं, हो. दाखला दाखवला नाही.

तिला दाखवायची लाज वाटण्याचं कारण आहे. सोळा-सतरा वर्षांपूर्वी तिचं मंगळसूत्र गेलं ते भर सकाळी, आमच्याच गल्लीत. मोटरसायकलवर दोघं, मागच्याने पत्ता विचारला. आई पत्ता सांगायला लागली, आणि ती कुणाला पत्ता सांगायला लागली की नीट सांगते, डावीकडे पिठाची गिरणी लागेल इथपासून. गिरणीपर्यंत पोचेतो गळ्याला हिसका बसला. काळे मणी रस्त्यावर सांडले ते शेजारच्या मुलांनी वेचून आणले. मानेवर एक लाल रेघ, आठ दिवस होती. बाबा तिला घेऊन ठाण्यात गेले आणि दुपारी तीनपर्यंत बसून जबरी चोरीचा गुन्हा नोंदवून घेऊन आले. जेवले नव्हते दोघंही. दुसऱ्या दिवशी पेपरात चार ओळी: अज्ञात चोरट्यांनी हिसका मारून लंपास केले. 'लंपास' हा शब्द आपल्याकडे फक्त चोर आणि बातमीदार वापरतात. बाबांनी ते कात्रण कापून विम्याच्या कागदांत ठेवलं. पुढे वर्ष-दीड वर्षाने फोन आला की टोळी सापडली, सोनं मिळालं, कोर्टाचा कागद झाला की घेऊन जा.

सोनं मिळालं होतं, मंगळसूत्र नव्हतं. चोरांकडून घेणाऱ्या सोनाराने सगळं वितळवून लगड केली होती. कितीजणींच्या वाट्या, साखळ्या, कुणाची बोरमाळ, सगळं एका मुशीत. मग फिर्यादीत लिहिलेल्या वजनाप्रमाणे ज्याचं त्याला. मुद्देमाल परत करायचा कार्यक्रम होता, जानेवारीत पोलिसांचा रेझिंग डे असतो त्या आठवड्यात. हॉल, मागे बॅनर, गुलाबाचं फूल, मग प्लास्टिकच्या पुडीत आपापला तुकडा आणि फोटो. आईने पुडी हातात घेतली आणि साहेबांनाच विचारलं, "यातलं माझं कुठलं?" साहेब गोंधळले. वजन बरोबर आहे ना बघा, म्हणाले. वजन बरोबर होतं, गुंजभरही कमी नव्हतं. त्यांनी खरंच काम केलं होतं, आणि ज्या शहरात गेलेलं सोनं परत येत नाही असं सगळे धरून चालतात तिथे हे कमीच नव्हे. बाबा म्हणाले, सोनाराकडे टाकू, नव्या वाट्या करून घेऊ. आई नको म्हणाली. कुणाच्या गळ्यातलं, कुणाच्या घरातलं, त्यात एखादी वारलेलीही असेल. मग ती एक ग्रॅमचं घालायला लागली आणि बाबा होते तोवर तेच घातलं. लगड अजून तिच्या कुंकवाच्या करंड्यात आहे, रंग उडालेल्या कुंकवासकट.

सांगायचं हे की त्या दोघांनी उपाशी बसून 'चोरी' लिहून घेतली होती. म्हणून तर वजन लिहिलेलं राहिलं.

पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर माझ्या फोनची चर्चा झाली. नवा फोन हातात आल्यावर मी मागचं वर सरकवत वाचलं. छप्पन्न मेसेज. त्यातले पाच-सहा हळहळीचे, बाकी सगळे 'पूर्वीची डोंबिवली राहिली नाही' या चालीवरचे. पूर्वी दारं उघडी असायची, पूर्वी बायका रात्री एक वाजता शेवटच्या गाडीने येऊन चालत घरी जायच्या, पूर्वी सगळी आपली माणसं होती. हे लिहिणारे निम्मे 2005 नंतर इथे राहायला आलेत, पण ते असो. पूर्वीची डोंबिवली मी पाहिली आहे. त्यांनी लिहिलं ते खोटं नाही. आमची इमारत तीन मजली होती, बारा बिऱ्हाडं, मागे विहीर, आणि विहिरीपलीकडे पावसाळ्यात भाताचं शेत. दारं रात्री दहाला लागायची, तीही डासांसाठी. बाहेर जाताना किल्ली समोरच्या काकूंकडे, काकू बाहेर जाताना त्यांची आमच्याकडे, आणि दोघी एकदम लग्नाला गेल्या तर दोन्ही किल्ल्या खालच्या वाण्याकडे. एमआयडीसीकडून वारा आला की येणारा तो आंबूस केमिकलचा वास, आणि रात्री बारानंतर गुरखा. त्याची काठी रस्त्यावर टक टक करत यायची, आमच्या कोपऱ्यावर एक लांब शिट्टी, मग पुढच्या गल्लीत दुसरी, बारीक. मी अर्धवट झोपेत शिट्टी मोजायची. एक तारखेला तो दारात उभा राहायचा, आई पाच रुपये आणि कधी चकल्या द्यायची. त्याचं नाव आम्हाला कुणालाच माहीत नव्हतं. मोठेपणी कळलं की तोही कुणी नेमलेला नव्हता. स्वतःच फिरायला लागला होता आणि आम्ही पैसे द्यायला लागलो होतो. न दिले तर काय, हा प्रश्न बहुधा कुणी विचारून पाहिला नाही.

पण त्याच डोंबिवलीतली एक संध्याकाळ ग्रुपवर कुणी लिहिणार नाही.

मी तिसरीत की चौथीत. उन्हाळ्याची सुट्टी, आम्ही मुलं गच्चीवर पापडांची राखण करत होतो. खालून 'धरा धरा' असा गलका आला. विहिरीजवळच्या विजेच्या खांबाला एका माणसाला बांधलेलं. माणूस कसला, वीस-बावीसचा पोरगा. एका पायात चप्पल, दुसऱ्या पायात नाही, आणि ती दुसरी चप्पल मी वरून सगळीकडे शोधत होते, का कुणास ठाऊक. त्याच्या पिशवीत तीन पितळी तोट्या आणि एक तांब्या निघाला होता. तेव्हा आमच्याकडे नळाच्या तोट्या वरचेवर जायच्या. त्याला मारणारे सगळे माझ्या ओळखीचे. दुसऱ्या मजल्यावरचे काका, जे आम्हाला फुकट गणित शिकवायचे आणि चुकलं तरी कधी आवाज चढवायचे नाहीत, ते पट्टा काढून मारत होते. त्यांच्या तोंडावर मी आधी कधी न पाहिलेलं काहीतरी होतं, आणि ते राग नव्हता, उत्साह होता. कुणीतरी म्हणालं, पारधी असणार. झालं, मग ते तसंच ठरलं. तो एकसारखं काहीतरी बोलत होता ते वरपर्यंत ऐकू आलं नाही. समोरच्या काकू तेवढ्या पुढे झाल्या आणि फुलपात्रातून त्याला पाणी पाजलं. काका म्हणाले, "वहिनी, तुम्ही मध्ये येऊ नका." दीड तासाने पोलिसांची जीप आली. त्याच्या नावावर तोट्यांची चोरी चढली असेल. त्याला जे झालं ते कुठेच चढलं नसेल.

आणि त्या रात्री मला गाढ झोप लागली. हेच मला आज जास्त बोचतं. गुरख्याची शिट्टी ऐकली की नाही तेही आठवत नाही. चोर सापडला होता, सगळे काका जागे होते, आता काही होणार नाही, असं वाटून मी झोपले.

ज्या जमातीचं नाव त्याला चिकटवलं, तिच्यासारख्या कित्येक जमातींना इंग्रजांनी 1871 च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवलं होतं. हजेरी, तारेच्या कुंपणातली सोलापूरची सेटलमेंट, हे सगळं. तो कायदा 1952 साली गेला. आमच्या विहिरीजवळ मात्र तो तीस वर्षांनंतरही लागू होता, आणि अंमलबजावणीला गणिताचे काका होते. 2018 च्या जुलैत धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्याला मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून भटक्या जमातीच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारलं. बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा आठवलं ते काकूंचं फुलपात्र. तिथेही सगळे एकमेकांना ओळखणारेच असतील, ज्याच्या त्याच्या घरची किल्ली ज्याला त्याला ठाऊक असलेले.

आता आमच्याकडे विहीर नाही, तिच्यावर पार्किंग आहे. गेटवर रजिस्टर होतं, ते जाऊन ॲप आलं. पाहुणा आला की माझ्या फोनवर त्याचा फोटो येतो, खाली हिरवं आणि लाल बटण. कामवाल्या मावशींचं कार्ड आहे, संध्याकाळी जाताना त्यांची पिशवी गेटवर उघडून बघतात. आमच्या मावशी अकरा वर्षं येतात. त्यांच्या पिशवीत डबा, ओला टॉवेल आणि आम्हीच दिलेल्या उरलेल्या पोळ्या असतात. मी एकदा मीटिंगमध्ये म्हटलं की निदान जुन्यांची तरी नको, तर सेक्रेटरी म्हणाले, "मॅडम, नियम सगळ्यांना सारखा पाहिजे." माझी पिशवी कुणी उघडत नाही. बत्तीस कॅमेरे आहेत. मागच्या वर्षी बी विंगमधल्या मुलाची गिअरची सायकल गेली, तेव्हा त्या कोपऱ्यातला कॅमेरा तीन आठवडे बंद असल्याचं निघालं. वॉचमन साठीचे आहेत, बारा तासांची पाळी, प्लास्टिकच्या खुर्चीचा एक पाय विटेवर. रात्री दोनला मी खिडकीतून पाहिलं की ते खुर्चीत मान टाकून झोपलेले असतात आणि डोक्यावर बोर्ड: आपण कॅमेऱ्याच्या निगराणीत आहात. दिवाळी आणि मे महिन्याच्या आधी पोलिसांची सूचना लागते. बाहेरगावी जाताना दागिने बँकेत ठेवा, शेजाऱ्यांना सांगून जा. गेल्या मे महिन्यात रत्नागिरीला जायचं ठरलं तेव्हा किल्ली कुणाकडे ठेवावी याचा मी विचार केला. मजल्यावर चार दारं, चारींना सेफ्टी डोअर. समोरच्यांचं आडनाव मला पाटीमुळे माहीत आहे. शेवटी किल्ली बरोबर घेऊन गेले आणि आठ दिवस फोनवर कॅमेरा बघत बसले. रिकाम्या दाराकडे बघणं हे काय काम आहे, पण बघितलं.

मी आयुष्यभर हिशेबखात्यात काम केलं. एंट्री कुठल्या खात्यात टाकली यावर ताळेबंद कसा बदलतो हे मला कुणी शिकवायला नको. म्हणूनच कदाचित त्या शब्दाचा एवढा त्रास झाला. भाचा वकिली शिकतो, त्याला सांगितलं तर तो माझ्यावरच उखडला. "मावशी, 2013 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, ललिता कुमारी. दखलपात्र गुन्ह्याची माहिती दिलीस की एफआयआर घ्यावाच लागतो. तू हो का म्हणालीस?" भूक लागली होती म्हणून, हे उत्तर त्याला पटलं नाही. मग त्याने मला आणखी एक गोष्ट सांगितली ती मात्र मला फार आवडली. 2017 मध्ये मुंबईच्या रेल्वे पोलिसांनी ठरवलं की मोबाईल गेल्याची नुसती हरवल्याची नोंद घ्यायची नाही, चोरीचा गुन्हाच दाखल करायचा. मोबाईलचोरीचा आकडा त्या वर्षी कित्येक पटींनी वर गेला. चोर एका वर्षात एवढे कुठून येणार? चोर तेवढेच होते, खातं बदललं. देशभरातल्या गुन्ह्यांचे आकडे छापणाऱ्या एनसीआरबीच्या अहवालातच म्हणे छापलेलं असतं की गुन्हे वाढणं आणि गुन्ह्यांची नोंद वाढणं या वेगळ्या गोष्टी आहेत. पण टीव्हीवर पट्टी चालते ती 'गुन्हेगारीत वाढ' अशीच, आणि साहेबांना वरून विचारणा होते तीही त्याच आकड्यावर. मग हवालदार माझ्यासारखीला घड्याळाकडे बघायला लावतात. त्यांचं काय चुकलं, असं मी भाच्याला म्हणाले. तो म्हणाला, त्यांचं चुकलंच. मला दोन्ही पटलं.

उद्या कुणी घर घ्यायला येईल आणि आमच्या भागातले गुन्हे किती म्हणून कागद काढेल, तर त्याला जो आकडा दिसेल त्यात माझा फोन नसेल. तेवढी आमची गल्ली सुरक्षित झाली.

बायकांच्या डब्यात हे मी सहज बोलले, तर चौथ्या सीटवरच्या मैत्रिणीने खिडकीबाहेर बघत विचारलं, "मोबाईलचं गहाळ तरी लिहितात ग. बाकीचं?" पुढे ती काही बोलली नाही आणि आम्हीही विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. त्या डब्यातल्या प्रत्येकीकडे अशी एक वही असते. पुलावर गर्दीत लागलेला आणि चुकून न लागलेला हात, बाई रिकाम्या डब्यात एकटी उरल्यावर दार धरून मुद्दाम उभा राहणारा, रिक्षाच्या आरशातून बघणारा. रात्री उशिरा आमच्या डब्यात पोलीस असतो, तो चढला की आपण पाय सैल सोडून बसतो आणि तेव्हा कळतं की इतका वेळ ते आवळलेले होते. कुठल्या गल्लीतला दिवा गेलाय, कुठल्या दुकानाचं शटर रात्री अकरापर्यंत उघडं असतं, कोपऱ्यावरचा पानवाला पंढरपूरला गेला की आठवडाभर कुठल्या बाजूने चालायचं, हे मला माझ्या पगाराच्या आकड्याइतकं पाठ आहे. माझ्या नवऱ्याला, जो तीस वर्षं याच गल्ल्यांतून चालतो, यातलं काही माहीत नाही. तो म्हणतो आपला एरिया सेफ आहे. त्याच्यापुरतं खरंच आहे ते. पानवाल्याला मात्र मी कधी सांगितलं नाही की तू माझ्या हिशेबात पोलीस चौकी आहेस. तो मला फक्त कधीमधी सुट्टे देणारी बाई म्हणून ओळखतो.

नोव्हेंबरात पुन्हा त्याच ठाण्यात जायची वेळ आली. जुनं घर भाड्याने दिलं, त्याच्या भाडेकरू नोंदणीचा कागद. ऑनलाइन केला होता, पण काहीतरी अडकलं होतं. तेच टेबल, तीच काच, आज समोर एक तरुण कॉन्स्टेबल मुलगी, केसांना घट्ट क्लिप. तिच्यासमोर एक आजोबा बसले होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, पायात स्लीपर. सायकल गेली होती, मार्केटच्या बाहेरून.

"आजोबा, गहाळ लिहून देऊ का? लगेच होईल तुमचं."

"सायकल कशी गहाळ होईल, बाळ?"

"म्हणजे सापडत नाहीये ना."

"मी ठेवली तिथे ती नाही. म्हणजे कुणीतरी नेली. चालत तर गेली नाही."

मुलगी ओठ चावून हसू आवरत होती. मीही. तिने विचारलं, किंमत काय असेल. 1987 साली साडेसहाशेला घेतली, ते म्हणाले, पावती आहे. आणि खरंच पाकिटातून पावती काढली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली. मग तिने त्यांना सांगितलं, आवाज जरा खाली आणून, की आजोबा, नवीन कायद्यात पाच हजारांच्या आतली चोरी अदखलपात्र होते, एनसी, म्हणजे नुसती नोंद, लिहावी लागते, तपास काही होत नाही त्याचा. कोर्टाने सांगितलं तरच. म्हणून म्हणते, कशाला बसताय. हे माझ्या भाच्याने मला सांगितलं नव्हतं. माझ्या हातातला कागद मी उगाच सरळ केला.

"अदखलपात्र," आजोबा म्हणाले. शब्द त्यांनी तोडून म्हटला. दोन क्षण काचेखालच्या दत्ताकडे पाहिलं. मग म्हणाले, "हरकत नाही. नका घेऊ दखल. पण चोरी लिहा."

तिने मागे वळून आत पाहिलं, आत कुणी नव्हतं. माझा कागद घेतला, शिक्का मारला, सहीला आत ठेवला आणि मला बाकावर बसायला सांगितलं. माझं काम पाच मिनिटांत झालं होतं. तिने खालच्या खणातून लांब रजिस्टर काढलं, रेघ मारली आणि विचारायला लागली. नाव. वय ब्याऐंशी. राहणार. कंपनी. रंग. रंग हिरवा होता, मग काळा दिला, त्यांनी स्वतःच दिला. घंटी नाही. कॅरिअरला रबरी ट्यूब बांधलेली. मागच्या मडगार्डवर पांढऱ्या ऑइलपेंटने एक ठिपका, ओळखू यावी म्हणून.

"कुलूप होतं का?"

त्यांनी शर्टाच्या खिशातून, दोन पेनांच्या मधून, एक छोटी किल्ली काढली. तिला गुंडाळलेला सुती दोरा मळून काळा झाला होता. किल्ली त्यांनी काचेवर ठेवली आणि बोटाने तिच्याकडे सरकवली.

"लावलेलं होतं," ते म्हणाले. "ते पण लिहा. लावलेलं होतं."